बुलेट मुंगी
मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील मोठी मुंगी. शास्त्रीय नाव पॅरापोनेरा क्लॅव्हॅटा. फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. या प्रजातीतील ही एकमेव हयात जाती असून हिस्पॅनिओला बेटावरील अंबरात दुसऱ्या, नामशेष जातीचा जीवाश्म सापडला आहे. त्या बेटावर आज ही प्रजाती नाही.

होंडुरास-निकाराग्वापासून कोस्टा रिका, पनामा व अ‍ॅमेझॉन खोऱ्यातून दक्षिणेस पॅराग्वेपर्यंत तिचा प्रसार आहे. सखल, दमट अरण्य तिला मानवते. वारूळ बहुधा झाडाच्या बुंध्याशी, आधारमुळांच्या बेचक्यात, जमिनीखाली असते. कोस्टा रिकातील ला सेल्व्हा येथे पेंटाक्लेथ्रा मॅक्रोलोबा या वृक्षाखाली अशी वारुळे बरीच आढळतात. अन्न मात्र जमिनीवर कमी, वर पर्णछत्रात अधिक मिळते. कामकरी मुंग्या खोडावरून चढतात, कीटक पकडतात आणि मधुरसाचा थेंब जबड्यांत धरून खाली आणतात. दोन सेंमी.च्या आसपास लांबीच्या मुंगीने थेंब न सांडता एवढे उतरावे, हे विलक्षणच. तिची ख्याती तीव्र वेदना देणाऱ्या दंशामुळे असली, तरी झाडांशी असलेले तिचे हे नाते अधिक लक्षणीय आहे. मोठी झाडे तोडली की तिचे घर आणि अन्नाची वाट दोन्ही एकदमच जातात.