समर्थांच्या पोथीला कुलूप

पाटण तालुक्यातलं चाफळ म्हटलं की राममंदिर आठवतं. शके १५७० मध्ये समर्थ रामदासांनी ते उभारलं. त्यांच्या शब्दसंग्रहाकडे मात्र आपण नीट पाहत नाही. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास पाहा. विषय आहे अक्षर कसं काढावं आणि पोथी कशी जपावी. तिथे ‘बरू’ आहे, म्हणजे आजचा बोरू, ज्याला टोक काढून लिहायचं तो. शाईला ‘मसी’ आहे, तांबड्या रंगाला ‘हिंगुळ’ आहे. दोन्ही संस्कृतातून आलेले. त्यांच्याच शेजारी ‘जिनस’ आणि ‘कुलूप’ नांदतात. जिनस अरबी ‘जिन्स’वरून आला आणि कुलूप ‘कुफ्ल’वरून. त्यातल्या फ आणि लची अदलाबदल झाली, फचा प झाला, तेव्हा तो आपला झाला.

यावर कोणी म्हणेल, हे तर परक्या सत्तेचे ठसे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असे शब्द हटवायलाच. पण तो कोश राजदरबाराच्या व्यवहारासाठी होता, समर्थ शिकवत होते लिहिणाऱ्या हाताला. शिवाय त्यांचं घराणं जांबचं कुलकर्णी, दप्तर घरातच, म्हणजे असे शब्द रोजच्या कानावरचे. मग जांबच्या दप्तरातले हे शब्द चाफळचे कसे, असंही विचारता येईल. ते एका गावाचे नाहीतच. कागद आणि पेटी जिथे पोचली तिथे तेही पोचले. पोथी चोरापासून वाचवायची तर पेटीला कुलूपच लागतं, आणि समर्थांनी तोच शब्द वापरला.