शीत-कढी न सोडता वजन कसे उतरवावे?

लग्नसराई जवळ आली की महिनाभरात दहा किलो वजन उतरविणाऱ्या पथ्यांची चर्चा घरोघरी सुरू होते. शीत बंद, पाव बंद, नारळ बंद! काट्यावरील आकडा झपाट्याने खाली येतो आणि नेहमीचे जेवण सुरू होताच तितक्याच झपाट्याने वर चढतो. यात दोष केवळ मनोनिग्रहाचा नसतो. पथ्यच चुकीचे असते.

उपासमारीने काय घडते?

आहार एकदम तोडला की पहिल्या काही दिवसांत कमी होते ते मुख्यतः पाणी. यकृत व स्नायूंत साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा संपला की ते निघून जाते. त्यानंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू घटले की विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा कमी होते आणि भूक मात्र वाढते. म्हणून पूर्वीइतकेच खाल्ले तरी वजन पुन्हा वाढते.

किती आणि कोणत्या वेगाने?

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक मिळतो. भारतीयांसाठी तो २३ पेक्षा कमी असावा. १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन त्यानुसार ५९ किलोच्या आत हवे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असणे इष्ट. आठवड्याला अर्धा किलो घट ही सुरक्षित गती होय. त्यासाठी रोज सुमारे ५०० कॅलरींची तूट पुरते. ८० किलोच्या व्यक्तीने ४ ते ८ किलो वजन उतरविले तरी रक्तदाब व रक्तशर्करेत सुधारणा दिसू शकते.

ताटातील वाटणी बदला

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भाज्या व फळांना निम्म्या ताटाचे स्थान दिले आहे. आपल्या ताटात नेमके उलटे चित्र असते : शिताची रास आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. शीत सोडण्याची गरज नाही. ते पाव ताटापुरते घ्यावे. उकड्या तांदळाचे किंवा नाचणीची भाकरी असल्यास उत्तम. अर्धे ताट तांबडी भाजी, दुधी, दोडका, काकडी यांनी भरावे. उरलेल्या चतुर्थांशात नुस्ते, अंडी किंवा डाळ असावी. शिवराकाच्या दिवशी अळसांदे, मूग, कुळीथ हे काम चोख बजावतात. प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते आणि स्नायूंची झीज कमी होते.

बांगडा किंवा तारले पौष्टिकच. प्रश्न रव्यात घोळवून तळण्याचा आहे. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. तेच नुस्ते हुमणात घातले किंवा थोड्या तेलावर भाजले तर हा भार हलका होतो. नारळ वर्ज्य नाही, मात्र वाटणातील त्याचे प्रमाण निम्म्यावर आणता येते.

नजरेआडच्या कॅलरी

दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. सायंकाळची पावभाजी वा भजी, शीतपेये आणि मद्य यांचाही हिशेब ठेवावा. १ ग्रॅम मद्यार्कातून ७ कॅलरी मिळतात, साखरेतून ४.

हालचाल आणि खबरदारी

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम आवश्यक आहेत. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी अनशेपोटी करावे. रोजचे चढउतार बहुधा पाण्याचे असतात. मधुमेहाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती व स्तनदा माता यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर तातडीने तपासणी करून घ्यावी.

कोणतेही पथ्य स्वीकारण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे जेवण मी पाच वर्षांनंतरही, घरच्यांसोबत एकाच पंगतीला बसून, आनंदाने जेवू शकेन का? उत्तर नकारार्थी असेल तर त्या पथ्याने उतरलेले वजनही फार काळ उतरलेले राहणार नाही.