पहिल्या टप्प्यावरच थांबलेली शस्त्रक्रिया

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की आज आपल्याकडेही ‘स्लीव्ह’चं, म्हणजे जठर कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचं, नाव हटकून येतं. मुळात मात्र ती स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच. एका मोठ्या शस्त्रक्रियेचा तो पहिला भाग होता.

हिचं कूळ अल्सरच्या उपचारापर्यंत जातं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहतात, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी हेरलं आणि १९६६ मध्ये लठ्ठपणावर गॅस्ट्रिक बायपास केला. १९८८ मध्ये ओहायोतल्या डग्लस हेस यांनी जठर उभं कापून अरुंद करणं आणि आतड्याची वाट बदलणं, ही दोन्ही कामं एकत्र आणली.

न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांनी २००० च्या सुमारास हेच दुर्बिणीतून करायला घेतलं. अतिलठ्ठ रुग्णांना एवढी लांबलचक शस्त्रक्रिया झेपेना, गुंतागुंती वाढल्या. मग कामाचे दोन टप्पे पाडले गेले: आधी फक्त जठर लहान करायचं, वजन उतरल्यावर आतड्याकडे वळायचं. तोंडावाटे जठरात बोटाएवढी जाड नळी सोडायची, तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवायचा आणि सुटा झालेला जवळजवळ पाऊण हिस्सा पोटावरच्या छोट्या छेदातून ओढून काढायचा. यानेच काहींचं वजन इतकं उतरलं, की दुसरा टप्पा लागलाच नाही. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जपानी संशोधकांना १९९९ मध्ये सापडलं होतं. ते मुख्यतः तयार होतं जठराच्या वरच्या भागात, म्हणजे नेमकं जिथे कात्री लागते तिथे.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हृदयात होणारं परिवर्तन. जड शरीराला रक्त पुरवता पुरवता डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. वजन घटलं की रक्तदाब उतरतो, ती जाडी कमी होऊ लागते, हृदयाभोवतीची चरबी ओसरते.

वजनकाट्यावर मात्र चरबी आणि स्नायू एकाच आकड्यात येतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला: दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून जेवण चार घासांवर आलेल्या माणसाच्या ताटात डाळ, पनीर, अंडं आधी, भात मागाहून. आणि सर्जनची परवानगी मिळाली की चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.