ओकारीची धास्ती: बार्शी, टाटा आणि सिसप्लॅटिनची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या, वय साठीच्या आत-बाहेर. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, लाईट चालू होती आणि लाईटसोबत आठवड्याला एक सलाईन. दोन सलाईन झाल्या होत्या. खुर्चीत बसताच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गाठ परवडली, पण ही ओकारी नको. आता मी काय तिकडं जात न्हाई."

मी त्यांचा कॅन्सरचा डॉक्टर नाही. मी आपला जनरल फिजिशियन, साखर-बीपी बघणारा. पण आमच्या भागात मोठ्या दवाखान्यातून आलेला माणूस "जाऊ का नको" हे विचारायला घरच्या डॉक्टरकडेच येतो. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो. मावशींना तो पाच मिनिटांत सांगितला, इथे जरा सविस्तर लिहितो.

त्या सलाईनमधलं औषध म्हणजे सिसप्लॅटिन. रसायन म्हणून ते फार जुनं आहे, इटलीच्या मिकेले पेरोने यांनी १८४५ साली ते तयार केलं होतं. मग शंभरहून जास्त वर्षं त्याचा औषध म्हणून कोणालाच उपयोग नव्हता. १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू मरेनात, पण त्यांचं विभाजन थांबलं आणि ते शेवयांसारखे लांबच लांब वाढत गेले. नंतर कळलं की हा पराक्रम विजेचा नव्हताच. प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून जे पाण्यात विरघळत होतं त्याचा तो परिणाम होता. पेशींचं विभाजन थांबवणारी वस्तू म्हटल्यावर कॅन्सरची आठवण येणारच. १९७१ पासून रुग्णांवर वापर सुरू झाला, डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरची तरुण मुलं, जी आधी हमखास दगावत, ती या औषधाने बरी होऊ लागली.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली किडनी. तिच्यावर उपाय सापडला: औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन. दुसरी उलटी, आणि ती लवकर आटोक्यात येईना. उलटीवरचं औषध न देता सिसप्लॅटिन दिलं तर शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना उलट्या होतात. होतात म्हणजे एक-दोन नाही. दिवसभरात दहा-बारा वेळा, पोटात काही नसताना नुसतं पित्त. माणसं घोषित करून उपचार सोडत. जीव वाचवणारं औषध, पण घेववत नाही, अशी ती कोंडी होती.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रिचर्ड ग्राला यांनी एक साधा प्रयोग केला. मेटोक्लोप्रमाइड हे पोटाचं जुनं औषध (आपल्याकडे बहुतेक जण ते पेरिनॉर्म म्हणून ओळखतात) नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत शिरेतून दिलं. ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यांना साधारण दहा उलट्या झाल्या, ज्यांना हे दिलं त्यांना एखादीच. रुग्ण मोजकेच होते, पण फरक इतका ठळक होता की शंकेला जागा उरली नाही. मात्र या औषधाची एक खोड आहे. काहींची, विशेषतः तरुण मुलींची, मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर जातात. नातेवाईक "बाधा झाली" म्हणून घाबरतात. फेनरगनच्या एका इंजेक्शनने उतरतं, पण ते दृश्य ज्याने पाहिलं तो विसरत नाही. मी इंटर्न असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रुग्णापेक्षा माझाच चेहरा पांढरा पडला होता.

प्रश्न असा होता की साध्या मात्रेत जे जमत नाही ते मोठ्या मात्रेत का जमलं? आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींमध्ये सेरोटोनिन साठवलेलं असतं. सिसप्लॅटिन त्या पेशी दुखावतं, सेरोटोनिन बाहेर पडतं, व्हेगस नावाची मज्जातंतू ती वर्दी मेंदूच्या बुडाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला देते. मेटोक्लोप्रमाइड मोठ्या मात्रेत ही वर्दी अडवत होतं. मग फक्त तेवढंच काम करणारं औषध शोधायचं ठरलं आणि ब्रिटनमधल्या ग्लॅक्सो कंपनीने ऑन्डॅन्सेट्रॉन काढलं. १९९० ते ९१ च्या सुमारास ते परदेशात बाजारात आलं. त्या वेळी आपल्याकडे औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हतं, १९७० च्या कायद्यात फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ते लवकरच बनवलं. आज खेड्यातल्या मेडिकलमध्येही ही गोळी मिळते आणि लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांपासून सगळ्याला दिली जाते. ती मुळात कॅन्सरच्या रुग्णांसाठी जन्मली हे आता कोणाच्या ध्यानातही नाही.

आता बार्शीकडे येतो, कारण माझ्या मते या गोष्टीचा खरा जीव तिथे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने एक नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून कॅन्सर मोजता येतो. खेड्यात माणूस घरीच आजारी पडतो, घरीच जातो. म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव हिंडायचे, पारावर बसायचे, बायकांना अंगावरून जाणं, रक्त जाणं याबद्दल बोलतं करायचे. त्या नोंदींतून स्पष्ट झालं की आपल्या भागातल्या बायकांमध्ये पहिला नंबर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. या फिरण्याचा आणखी एक फायदा झाला: बायका आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसतं बोलण्याने आजाराची पायरी अलीकडे सरकली! पुढे डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी टाटाबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायकांची तपासणी केली, ते काम २००९ मध्ये जगभर गाजलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या कॅन्सरवर वर्षानुवर्षं उपचार म्हणजे लाईट. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने जाहीर केलं की लाईटसोबत सिसप्लॅटिन द्यावं, जास्त बायका वाचतात. आपल्याकडे मात्र बऱ्याच डॉक्टरांना शंका होती, आणि ती चुकीची नव्हती. आपल्या बायका येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, रक्त कमी, वजन चाळीस किलो, किडनीवर दाब. त्यात हे ओकवणारं औषध. फायद्यापेक्षा हालच जास्त झाले तर?

टाटा मेमोरियलने २००३ ते २०११ या काळात ८५० बायकांवर हाच प्रश्न तपासला. सगळ्या तिसऱ्या पायरीच्या, म्हणजे उशिरा आलेल्या. निम्म्यांना नुसती लाईट, निम्म्यांना लाईट आणि दर आठवड्याला सिसप्लॅटिन. २०१८ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी नुसत्या लाईटवर शंभरातल्या ४६ जिवंत, सिसप्लॅटिनसह ५४. आठ बायकांचा फरक. आकडा लहान वाटतो, पण त्यांतल्या प्रत्येकीच्या मागे एक घर असतं. मावशींना मी हेच सांगितलं: "तुम्ही ओकारीला घाबरून सलाईन सोडली, तर या आठांतली एक तुम्ही असू शकता."

ओकारीचं पुढे काय झालं तेही सांगतो. ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन यांनी पहिला दिवस सावरला. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची मळमळ शिल्लक राहिली. तिचा रस्ता वेगळा, सबस्टन्स पी नावाच्या रसायनाचा. त्यावर २००३ मध्ये ॲप्रेपिटंट आलं, सुरुवातीला फार महाग. मग एका अनपेक्षित ठिकाणाहून मदत आली. ओलान्झापिन हे मानसिक आजारांचं जुनं औषध, ते मेंदूतले उलटीचे अनेक दरवाजे एकदम बंद करतं. २०१६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात १० मिलिग्रॅमने मळमळ चांगली कमी झाली. अडचण झोपेची, माणूस दिवसभर पेंगतो. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर एसटीने घरी जायचंय, तिला हे कसं चालेल?

याचंही उत्तर टाटामधूनच आलं. २७५ रुग्णांवर १० मिलिग्रॅमची तुलना फक्त अडीच मिलिग्रॅमशी केली. २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत ते प्रसिद्ध झालं. उलटी दोन्हींत सारखीच आटोक्यात राहिली, दिवसा पेंग मात्र मोठ्या मात्रेत ९० टक्के जणांना, लहान मात्रेत ६५ टक्के. पाव मात्रा आणि काही रुपयांची गोळी. मला हे संशोधन फार आवडतं, कारण त्यात नवीन काही शोधलेलं नाही, फक्त "एवढं लागतं का?" असं विचारलं आहे. औषधांच्या बाबतीत हा प्रश्न कंपनी सहसा विचारत नाही.

मावशींच्या पिशवीत तीच गोळी होती. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. मेडिकलवाल्याने मुलाला सांगितलं होतं, "ही डोक्याच्या पेशंटची गोळी आहे, चुकून दिली असेल." त्याचा हेतू वाईट नव्हता. चूक आमची, कारण लिहून देणाऱ्या कोणी घरच्यांना समजावून सांगितलं नाही. ऑन्डॅन्सेट्रॉनसुद्धा त्या उलटी झाल्यावर घेत होत्या, म्हणजे वरात गेल्यावर घोडं. ही औषधं घड्याळावर घ्यायची असतात, मळमळ नसली तरी, लिहून दिलेले सगळे दिवस. त्याने पोट जड होतं, संडासला कडक होते, ते आधीच सांगून ठेवावं. आणि घोटभर पाणीही दिवसभर टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप आला असेल तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट मुलाने सांगितली. बार्शीचा स्टँड दिसला की आईला उमळून येतं, सुईच्या आधीच. हे नाटक नाही. दोन-तीनदा वाईट उलटी झाली की मेंदू जागा, वास, रंग यांची गाठ तिच्याशी मारून टाकतो, आणि मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पहिली सलाईनच नीट जाणं महत्त्वाचं. ती संधी इथे गेली होती. मी बार्शीच्या डॉक्टरांना फोन केला, गोळ्यांच्या वेळा पुन्हा लिहिल्या, झोप यावी म्हणून रात्रीची गोळी लवकर द्यायला सांगितलं. घरी फोडणीचा वास आठवडाभर बंद, साळीच्या लाह्यांचं पाणी, गार दहीभात, थोडं थोडं दर दोन तासांनी.

तिसऱ्या सलाईनला दोन उलट्या झाल्या, चौथीला एक. पाचही पूर्ण झाल्या. परवा बीपी दाखवायला आल्या तेव्हा भाकरी खाते म्हणाल्या, पण शेंगाचटणी अजून नको. त्या दिवशी सकाळी तीच खाऊन गेल्या होत्या म्हणे.