स्थूल राष्ट्रीय सुख

भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पुरस्कारिलेली, राष्ट्राची प्रगती केवळ उत्पन्नावरून न मोजता प्रजेच्या स्वास्थ्यावरून मोजणारी राज्यनीती. या सुखास अनुकूल परिस्थिती निर्माण करण्यासाठी झटणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे २००८ च्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदात नमूद आहे.

मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, कालविनियोग, संस्कृती, सुशासन, समाजजीवन, पर्यावरण व राहणीमान ही नऊ क्षेत्रे आणि त्यांखालील तेहतीस निर्देशक यांच्या आधारे पाहणी होते; तीत माणसाची झोप किती, शेजाऱ्यांवर त्याचा विश्वास कितपत, असा एरवी सरकारी दप्तरात क्वचितच उमटणारा तपशील नोंदला जातो, आणि हेच या पद्धतीचे खरे मोल. नऊपैकी किमान सहा क्षेत्रांत पर्याप्तता लाभलेली व्यक्ती सुखी गणली जाते. धोरणांचे मसुदे अंमलापूर्वी याच कसोटीवर पारखण्याची प्रथाही पडली. २०१० मध्ये ०.७४३ असलेला निर्देशांक २०२२ मध्ये ०.७८१ झाला.

तथापि, १९९० नंतरच्या काही वर्षांत देशाबाहेर जावे लागून नेपाळमधील छावण्यांत राहिलेल्या सुमारे एक लाख नेपाळीभाषक भूतानींचे सुखदुःख या मोजणीत कोठेच आलेले नाही. ही तिची गंभीर उणीव होय.