चार बाटल्यांची बखर

गेल्या मे महिन्यात माझा भाचा अमेरिकेहून आला. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरी तो नोकरीला असतो. परदेशातल्या भाच्याने मामाकडे काय आणावे, याचे शास्त्र ठरलेले आहे : मामाला दाढीचे सामान आणि मामीला बदाम. या पठ्ठ्याने बदाम आणलेच, पण त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेल्या चार बोटभर बाटल्याही आणल्या. प्रत्येकीत फार तर तीन-चार चमचे मावतील एवढा मधाच्या रंगाचा द्रव होता.

"मामा, तुमच्या कादंबऱ्यांत दारुडे झिंगतात, आणि तुम्ही मात्र थेंब चाखलेला नाही. निदान आमच्या गावची तरी वास घेऊन बघा."

मंडळी, मी खेड्यातला शाळामास्तर. मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही; इतिहास शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. आमच्या घरात बाटली म्हटली की ती खोकल्याच्या औषधाची. याला कारण आहे. माझे धाकटे काका १९९१ च्या पावसाळ्यात मित्रांच्या संगतीने हातभट्टीची प्याले. त्या दारूत विषारी मद्यार्क मिसळलेला होता. मित्रांपैकी दोघे गेले. काका वाचले, पण त्यांची दृष्टी गेली ती कायमची. आज ते सत्तरीत आहेत आणि आमच्याकडेच असतात. त्यामुळे त्या चार बाटल्या पाहताच हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी त्या मुकाट्याने पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिल्या.

पण कपाटातली वस्तू वाचल्यावाचून राहवत नाही, हा मास्तरी स्वभाव. बाटल्यांवरचे कागद वाचू लागलो आणि इतिहासाच्या पुस्तकात शिरलो. दोन महिने मिळेल ते वाचले. शेवटी सरकारी कचेरीत जाऊन एका दिवसाचा परवाना रीतसर काढला, आणि एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर चार वाट्या, एक चमचा आणि पाण्याचा तांब्या मांडून बसलो. तेव्हा जिन्यावर काठीचा आवाज झाला. काका वर येत होते.

"मी पिणार नाही," ते म्हणाले. "पण नाक अजून शाबूत आहे. प्रत्येक बाटलीवर काय लिहिलंय ते मात्र वाचून दाखव."

तेव्हा ही बखर मी आधी काकांना सांगितली आहे. तीच आता तुम्हांला सांगतो.

बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की. हे नाव फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्याचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्या घराण्याने मदत केली, म्हणून १७८५ साली त्या मुलखातल्या एका परगण्याला बर्बन असे नाव दिले गेले. तो मुलूख तेव्हा व्हर्जिनियात होता. १७९२ साली केंटकी वेगळे राज्य झाले. दारूला हे नाव त्या परगण्यावरून पडले, की न्यू ऑर्लिन्समधल्या बर्बन रस्त्यावरून, यावर तिकडचे पंडित अद्याप भांडतात. १८२१ साली मात्र त्याच परगण्यातल्या पॅरिस गावच्या वर्तमानपत्रात बर्बन व्हिस्कीची जाहिरात छापून आलेली आहे.

डोंगरापलीकडचा तो शेतकरी मक्याची दारू का गाळी? चैनीसाठी म्हणाल तर तसे नाही. रस्ते नव्हते. घोड्याच्या पाठीवर चार मापे धान्य जाई. तेच दारू करून नेले तर चोवीस मापांचा ऐवज जाई, असा त्यांचा हिशेब होता. मुरवलेली दारू नासत नसे आणि नाण्यासारखी चाले. अशा ऐवजावर १७९१ साली केंद्र सरकारने कर बसवला. पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात शेतकऱ्यांनी बंड केले, आणि १७९४ साली अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजार शिबंदी जमवून स्वतः निघाले. बंड लढाईवाचून विरले. पण तो कर जेफर्सनच्या कारकीर्दीत, १८०२ साली, रद्द झाला.

आता बाटल्या. पहिली ओल्ड फॉरेस्टर. "काय लिहिलंय?" काकांनी विचारले. सन १८७० असे लिहिले होते. त्या काळी दारू पिंपातून विकली जाई. गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येई आणि दुकानदार पिंपात काय मिसळील याचा नेम नसे. जळकी साखर, सुक्या फळांचा रस, कधी तंबाखूसुद्धा घालून कोरा मद्यार्क 'जुनी व्हिस्की' म्हणून खपवला जाई. डॉक्टर तेव्हा व्हिस्की औषध म्हणून देत. जॉर्ज गार्विन ब्राउन हा लुइव्हिलचा औषधविक्रेता. त्याने आपली व्हिस्की फक्त मोहोरबंद बाटलीतून विकायची ठरवली. मी चमचाभर तोंडात घेतली. आधी जीभ भाजली. मग लवंग, आणि मग कढईच्या बुडाशी लागलेल्या साखरेची चव आली. काकांनी वाटी नाकाशी धरली. "नवीन फर्निचरचा वास," ते म्हणाले.

काकांचे नाक खोटे बोलत नाही. बर्बनचा सगळा रंग आणि अर्धीअधिक चव लाकडाची. कायदा असा, की धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. गाळताना मद्यार्क ८० टक्क्यांवर जाता कामा नये. पिंपात भरताना तो ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावा. आणि पिंप नवे, ओक लाकडाचे, आतून जाळून कोळसा केलेले असावे. वरून रंग किंवा साखर घालायची नाही. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून जळक्या लाकडात शिरते आणि हिवाळ्यात बाहेर येते. येताना लाकडातली साखर आणि व्हॅनिलाचा सुगंध घेऊन येते. दर वर्षी थोडी दारू हवेत उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग ती पिंपे बोटीने स्कॉटलंडला जातात आणि तिथली व्हिस्की त्यांत मुरते.

दुसरी बाटली ओल्ड ग्रँड-डॅड, म्हणजे 'थोरले आजोबा'. बेसिल हेडन नावाचा एक गृहस्थ १७८५ साली मेरिलंडहून केंटकीत आला. पुढे त्याच्या नातवाने भट्टी काढली आणि दारूला आजोबांची आठवण म्हणून हे नाव दिले. आपल्याकडे नातू आजोबांच्या नावाने पाणपोई बांधतो. देशोदेशीच्या रीती! हिच्यात राय नावाचे धान्य नेहमीपेक्षा बरेच जास्त, सुमारे २७ टक्के असते, म्हणून चव मिरी-दालचिनीची. एकदम ठसका लागला. पण माझे लक्ष कागदावरच्या 'बॉटल्ड-इन-बाँड' या शब्दांकडे होते. हा शब्द १८९७ च्या कायद्याचा. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या कुलपात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची दारू असेल, तरच हे शब्द छापायचे. त्या कायद्यासाठी कर्नल एडमंड टेलर या भट्टीवाल्याने खटपट केली. त्यात त्याचा स्वार्थ होताच. भेसळवाले त्याचे गिऱ्हाईक पळवत. पण स्वार्थातूनही एखादा चांगला कायदा निघतो. अन्नशुद्धीचा कायदा १९०६ साली आला, म्हणजे दारूची शुद्धी त्याआधी नऊ वर्षे!

त्यानंतर व्हिस्की म्हणावे कशाला, यावर तीन वर्षे वाद चालला. अखेर १९०९ च्या डिसेंबरात अध्यक्ष टॅफ्ट यांनी निवाडा दिला : धान्यापासून गाळलेली ती व्हिस्की, मिश्रण असेल तर मिश्रण म्हणून स्पष्ट लिहा, आणि उसाच्या मळीचा मद्यार्क व्हिस्की नव्हे. हे वाचून मला हसू आले. आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त 'व्हिस्की'च्या पोटात साखर कारखान्याची मळीच असते.

"मग तिकडे आमच्यासारखे आंधळे झाले नसतील," काका म्हणाले.

झाले, काका. पुष्कळ झाले. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत सबंध अमेरिकेत दारूबंदी होती. केंटकीच्या भट्ट्या बंद पडल्या. फक्त सहा कंपन्यांना औषधी व्हिस्की विकण्याचा परवाना मिळाला. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की दहा दिवसांना एक पाइंट. ज्याच्यापाशी डॉक्टरला द्यायला पैसे, त्याला कागद चिकटवलेली बाटली. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला चोरट्याची. कारखान्यांसाठी लागणारा मद्यार्क लोकांनी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानेच त्यात विषारी मद्यार्क मिसळला जाई. चोरटे तो पळवून, थोडाफार शुद्ध करून विकत. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये माणसे त्याने मेली. १९३० साली जमैका जिंजर नावाच्या आल्याच्या अर्कातल्या भेसळीने हजारोंचे पाय लुळे पडले. त्यांतले बहुतेक गरीब होते.

आपल्या मुंबई राज्यातही १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण बंदी झाली. तेव्हाही प्रकृतीच्या कारणाने परवाने मिळत आणि झोपडीत हातभट्टी पेटे. पुढे बंदी सैल झाली, पण हातभट्टी गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने गेली. कायदा वाईट होता असे मी म्हणत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायांनीच बंदी मागितली होती, तिकडेही आणि इकडेही. त्यांचे दुःख खरे होते. मी एवढेच म्हणतो, की बंदीच्या आणि पैशाच्या फटीत जो माणूस सापडतो, त्याच्या बाटलीवर कागद नसतो.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढची घे."

तिसरी मेकर्स मार्क. ही बायकांच्या कर्तृत्वाची बाटली. १९५३ साली बिल सॅम्युएल्स यांनी लोरेटो गावची एक जुनी भट्टी विकत घेतली. मऊ चवीची दारू करायची होती. राय काढून गहू घालायचा विचार होता. पण दारू मुरायला वर्षे लागतात, मग कोणते धान्य बरे हे कळावे कसे? तेव्हा त्यांनी त्या धान्यांचे पाव भाजून चव पाहिली, असे ते घराणे सांगते. बाटलीचा आकार, नाव, कागद आणि बुचावर ओघळलेले लाल मेण ही सारी त्यांच्या पत्नी मार्जी यांची कल्पना. १९५८ साली पहिली बाटली भरली गेली. ही खरोखर मऊ होती : खरवस आणि काकवी यांच्या मधली गोडी. हिनेसुद्धा जिन्यातून मान काढून वास घेतला आणि "बासुंदी बरी," असा निकाल दिला.

चौथी जॅक डॅनियल्स. ही बर्बन नव्हे, टेनेसी व्हिस्की. बर्बनचे बहुतेक नियम ती पाळते. पण पिंपात भरण्याआधी मेपल लाकडाच्या कोळशाच्या थरातून ठिबकत गाळली जाते. पिकल्या केळ्याचा वास आणि मागे किंचित धूर. आणि हिचीच कथा सर्वांत बोलकी.

केंटकीत बर्बनचा शोध एलायजा क्रेग नावाच्या धर्मोपदेशकाने १७८९ साली लावला, असे पुस्तकांत छापलेले असे. तो खराच होऊन गेला, दारूही गाळी. पण शोधाची ही गोष्ट तो गेल्यावर फार वर्षांनी रचली गेली. टेनेसीत उलटे घडले. तिथे शिकवणारा खरा होता आणि त्याचेच नाव मागे पडले. डॅन कॉल नावाच्या धर्मोपदेशकाच्या शेतावर नेथन ग्रीन नावाचा गुलाम भट्टी सांभाळी. लोक त्याला 'निअरेस्ट' म्हणत. त्यानेच कामाला आलेल्या जॅक डॅनियल या पोराला दारू गाळायला शिकवले. १८६५ साली गुलामगिरी गेली. मग जॅकने भट्टी काढली, तेव्हा तिचा पहिला मुख्य कारागीर निअरेस्ट ग्रीनच होता. त्याचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तिथे काम करत आले. १९६७ साली छापलेल्या जॅकच्या चरित्रात त्याचे नाव होते, पण बाटलीच्या कहाणीत नव्हते. २०१६ साली वर्तमानपत्रात ही गोष्ट गाजली, फॉन वीव्हर या लेखिकेने कागदपत्रे शोधली, आणि कंपनीने त्याचे श्रेय मान्य केले. जॅकच्या एका जुन्या छायाचित्रात त्याच्या शेजारी एक कृष्णवर्णीय गृहस्थ बसला आहे. तो निअरेस्टचा मुलगा जॉर्ज असावा असे मानतात. इतकी वर्षे तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता.

वीस वर्षे मी मुलांना 'अमुक शोध अमक्याने लावला' अशा जोड्या लावायला सांगत आलो. या वर्षी तो प्रश्न देताना हात जरा थबकला.

"गड्याचं नाव कागदावर यायला दीडशे वर्षं लागली म्हणायची," काका म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

चार चमच्यांनी माझे डोके थोडे हलके झाले होते, हे कबूल करतो. पण चव आवडली का, असे भाच्याने विचारले तेव्हा मला खरेच सांगता आले नाही. पहिलीतली लवंग, दुसरीतली मिरी, तिसरीतली काकवी एवढे आठवते. पुन्हा प्यावीशी वाटलेली नाही. उरलेले थेंब हिने तुळशीपासून दूर, मोरीत ओतले.

बाटल्या मात्र तिने टाकल्या नाहीत. गरम पाण्यात भिजत घालून वरचे कागद काढले, आणि परवा त्यांत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचे तेल भरले. एक काकांच्या खोलीत ठेवली. काकांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी वहीचा कागद फाडून, सुवाच्य अक्षरात लिहून तिच्यावर चिकटवला : तिळाचे तेल, वाळा, कचोरा. घरी केलेले.