दुसऱ्या हेडसेटची कुळकथा

साताऱ्यापासून सांगली, हवाई अंतर मोजलं तर साधारण ११० किलोमीटर. जेट विमान ते सात मिनिटांत कापतं. एक विमान साताऱ्यावर, दुसरं सांगलीवर, दोन्ही एकाच उंचीवर आणि समोरासमोर असतील, तर हाताशी उरतात जेमतेम साडेतीन मिनिटं. हे आकाश मुंबईच्या एरिया कंट्रोलकडे, म्हणजे विमानतळांपासून दूर, वाटेत असलेल्या विमानांचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राकडे आहे. तिथल्या पोझिशनवर, म्हणजे नियंत्रकाच्या कामाच्या जागेवर, कधी शिकाऊ नियंत्रक बसतो. त्याच पोझिशनला आपला हेडसेट जोडून शेजारी प्रशिक्षक बसतो. वैमानिकाला ऐकू येतो तो शिकाऊचा आवाज, पण जबाबदारी प्रशिक्षकाची.

सुरुवातीला असा शेजारी नव्हता. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० साली नियंत्रण मनोरा उभा राहिला. तिथल्या पहिल्या नियंत्रकांना शिकवणारं कोणी असणं शक्यच नव्हतं. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सवर धुक्यात दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन सात जण गेले. त्याच वर्षी क्रॉयडनच्या जिमी जेफ्स यांना नियंत्रकाचा पहिला परवाना मिळाला. अमेरिकेत सेंट लुईसला १९२९ साली आर्ची लीग खुर्ची, छत्री आणि झेंडे हातगाडीवर लादून धावपट्टीशी उभे राहत. झेंड्याचं काम मागे उभं राहून पाहता येतं. रेडिओ आला आणि काम कानात शिरलं. मग शिकवणाऱ्यालाही तिथेच कान लावणं भाग होतं.

परवान्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम १९४८ साली ठरले. त्याच वर्षी अलाहाबादजवळ बमरौलीला आपलं नागरी विमानचालन प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. वर्गातलं शिक्षण संपलं की ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार मनोऱ्याच्या रेटिंगसाठी, म्हणजे तिथं काम करण्याच्या पात्रतेसाठी, देखरेखीखाली किमान ९० तास किंवा एक महिना, एरिया कंट्रोलसाठी १८० तास किंवा तीन महिने. यातलं जे जास्त असेल ते. आणि हे तास त्याच युनिटमध्ये भरावे लागतात. मला या नियमात मोठं शहाणपण दिसतं, कारण प्रत्येक आकाशाचा स्वभाव वेगळा. मे महिन्यात सह्याद्रीच्या पूर्वेला वळवाचे ढग चढले, की ते टाळायला एकामागून एक वैमानिक वळण मागू लागतात. सिम्युलेटरवर ढग दाखवता येतात, पण तिथं चुकलं तर पुन्हा सुरुवात करता येते.

प्रशिक्षकाचा खरा कस त्याच्या गप्प राहण्यात लागतो. शिकाऊने उंची बदलायला उशीर केला, हे त्याला आधीच दिसलेलं असतं. लगेच बोलला, तर मुलगी किंवा मुलगा स्वतः पाहायला शिकत नाही. थांबला, तर साडेतीन मिनिटांतलं एकेक मिनिट सरतं. म्हणून तो मनात हद्द आखून ठेवतो: विमानांमधलं एवढं अंतर उरेपर्यंत वाट पाहायची, पुढे बोलणं स्वतःकडे घ्यायचं. ही हद्द रोज एकच नसते. शिकाऊ पहिल्या आठवड्यातला आहे की तिसऱ्या महिन्यातला, आकाशात गर्दी किती, यावर ती सरकते. पाळी संपल्यावर काय चुकलं याची चर्चा होते आणि ते लेखीही नोंदवलं जातं.

नागपूरला रेटिंग मिळवलेला अनुभवी नियंत्रक मुंबईला बदलून आला, तरी त्याच्या शेजारी पुन्हा दुसरा हेडसेट जोडला जातो.